दुरुस्तीच्या दाराने

भारताची राज्यघटना आपल्याकडे पूजिली जाते, क्वचित निंदिलीही जाते. वाचली मात्र फारशी जात नाही. वाङ्मयकृतीचे मूल्यमापन करताना ती आपल्या काळाचे किती देणे लागते आणि त्या काळानंतरही कितपत उभी राहते, हे आपण पाहतो. तीच कसोटी या ग्रंथास पेडणे-डिचोलीच्या भूमीवरून लावून पाहावी, असे आम्हांस वाटते.

२६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या मूळ संहितेत गोव्याचे नाव नाही. त्या दिवशी आमच्या वाडवडिलांवर लिस्बनची राज्यघटना लागू होती. १९१० च्या क्रांतीनंतर आलेल्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने धर्मावरून भेद न मानण्याचे तत्त्व स्वीकारले आणि गोव्यातील हिंदूंना त्यामुळे मोकळा श्वास घेता आला. पण १९३० चा वसाहत कायदा आणि त्यामागून आलेली सालाझारची १९३३ ची घटना यांनी वसाहती बाळगणे व तेथील लोकांना 'सुसंस्कृत' करणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे ऐतिहासिक कार्य ठरविले. १९५१ मध्ये जगाचे वारे फिरलेले पाहून त्या घटनेत 'वसाहत' हा शब्द खोडून 'सागरपार प्रांत' असा घालण्यात आला. राज्यकारभार मात्र पूर्वीच्याच हाती राहिला. १९७४ च्या क्रांतीने त्या राजवटीचा आणि तिच्या घटनेचा शेवट केला.

भारतीय घटनेवरही तिच्या काळाचा ठसा स्पष्ट आहे. फाळणीची जखम ओली होती, संस्थाने नुकतीच विलीन होत होती. म्हणून केंद्र प्रबळ झाले आणि घटक राज्यांची प्रतवारी लावली गेली. ही प्रतवारी १९५६ मध्ये, सातव्या दुरुस्तीने गेली. संविधान सभेने आपल्या कृतीवर अंतिमतेची मोहोर उठविलेली नाही, असे डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितले होते. गोव्याचा घटनेतील प्रवेश हा त्याचा प्रत्यक्ष पुरावा होय. १९६२ च्या बाराव्या दुरुस्तीने गोवा, दमण व दीव हा प्रदेश २० डिसेंबर १९६१ पासून, म्हणजे मागील तारखेने, संघराज्यात नोंदला गेला. त्याच वर्षीच्या चौदाव्या दुरुस्तीने विधानसभेची वाट मोकळी झाली आणि १९६३ च्या अखेरीस बांदोडकरांचे मंत्रिमंडळ आले.

यानंतरचा प्रसंग आमच्या वाचकांना अधिक जिव्हाळ्याचा आहे. घटनेत जनमत कौलाची तरतूद नव्हती. संसदेने १९६६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. पेडणे-डिचोलीचा कल विलीनीकरणाकडे होता. निकाल आमच्या मनासारखा लागला नाही. आठव्या अनुसूचीत मूळच्या चौदा भाषांत मराठी होती, कोकणी नव्हती. १९९२ च्या एकाहत्तराव्या दुरुस्तीने तीही आली. आमच्यातील काहींनी याकडे मराठीचा पराभव म्हणून पाहिले. आम्हांस तसे वाटत नाही. अनुसूचीतील मराठीच्या स्थानास त्यामुळे यत्किंचितही बाध आलेला नाही.

जमिनीचा प्रश्न याहून कठीण. आमच्या वाचकांत भाटकार आहेत, तशीच कुळेही आहेत. मूळ घटनेत मालमत्ता हा मूलभूत हक्क होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो केवळ कायदेशीर हक्क राहिला. गोव्याच्या कूळ कायद्याच्या १९७६ मधील पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्यास मालक मानले आणि १९८४ च्या सत्तेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तिला नवव्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. मात्र हे संरक्षण निरंकुश नाही. २४ एप्रिल १९७३ नंतर त्या अनुसूचीत आलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ठरविले. बदलास वाव आणि बदलास मर्यादा, दोन्ही या ग्रंथात आहेत; १९५१ च्या पोर्तुगीज शब्दबदलात यांतले एकही नव्हते.

म्हणून ही संहिता निर्दोष आहे असे नव्हे. १९८७ च्या छप्पन्नाव्या दुरुस्तीने गोव्यासाठी अनुच्छेद ३७१ झ घातला. नागालँड व मिझोरम यांच्यासंबंधीच्या अनुच्छेदांत तेथील रूढी आणि जमीन यांचा विचार आहे. गोव्याच्या वाट्याला आलेला अनुच्छेद विधानसभेत तीसपेक्षा कमी सदस्य नसावेत, एवढेच सांगून थांबतो. ३० मे १९८७ रोजी घटक राज्य झालेल्या भूमीविषयी इतकेच सांगण्याजोगे होते काय? भूमी थोडी, तिच्यावर डोळा अनेकांचा, हे तेव्हाही दिसत होते. हा अनुच्छेद आम्हांस अपुरा वाटतो आणि त्यात भर घालण्याची मागणी रास्त वाटते.

पण ही मागणी करताना एक भान ठेवावे लागेल. आज आपल्यासाठी जी संहिता वाकावी असे आपण म्हणतो, ती काल कुळासाठी आणि कोकणीसाठीही वाकली. आपण स्वतः दुरुस्तीच्या दाराने आत आलो आहोत. ते दार दुसऱ्यासाठी लावून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.