बालरंगभूमी आणि तीन ते सहा वयाचा प्रेक्षक : एक चिकित्सा

मराठी बालरंगभूमीचा इतिहास सांगताना १९५९ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी सुधा करमरकर यांनी 'लिटल थिएटर'च्या वतीने रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले. मुलांचे नाटकही मोठ्यांच्या नाटकाइतक्याच गांभीर्याने करावयाचे असते, ही जाणीव त्यातून रुजली. पुढे मतकरींनी 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' यांसारखी नाटके दिली. १९८६ साली 'छान छोटे वाईट्ट मोठे' या नाटकाने बर्लिनच्या 'ग्रिप्स' रंगभूमीची दृष्टी पुण्यात आली. डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने आलेल्या या चळवळीत मोठी माणसे मुलांच्या भूमिका करू लागली आणि पऱ्या-राक्षसांच्या जागी मुलांचे रोजचे प्रश्न आले. या वाटचालीचे मोल निर्विवाद आहे. मात्र या सर्व नाटकांसमोर बसलेले मूल किती वर्षांचे आहे, हा प्रश्न समीक्षेने क्वचितच विचारला.

त्याचे एक कारण शब्दातच दडलेले आहे. 'बालनाट्य' म्हणजे मुलांसाठी केलेले नाटक आणि मुलांनी केलेले नाटकही. शासनाची राज्य बालनाट्य स्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलने, उन्हाळी नाट्यशिबिरे यांमुळे दुसरा अर्थच प्रबळ झाला. 'आविष्कार'च्या 'चंद्रशाला' विभागाचे 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य या परंपरेचे उत्तम फळ होय. माधव साखरदांडे यांची संहिता आणि रमेश पुरव यांचे नृत्यदिग्दर्शन यांतून मुलांचा मोठा समूह रंगमंचावर शिस्तीने आणि आनंदाने वावरला. परंतु अशा यशामुळे मूल म्हणजे प्रामुख्याने कलावंत, हे समीकरण पक्के झाले. प्रेक्षक म्हणून त्याचा विचार मागे पडला. स्नेहसंमेलनात चार वर्षांच्या मुलाला फुलपाखराचे पंख बांधून उभे केले जाते. त्याच्यासाठी कोणी नाचून दाखवावे, असे मात्र सहसा कोणाला सुचत नाही.

व्यावसायिक बालनाट्यात वेगळी अडचण आहे. 'अलबत्या गलबत्या' २०१८ साली नव्या संचात आले व त्याने मोठी गर्दी खेचली. चेटकिणीचे पात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हवेहवेसे भय देते, कारण हे सोंग आहे हे त्याला कळत असते. तीन-चार वर्षांच्या मुलाला ही सीमारेषा अद्याप सापडलेली नसते. मोठे प्रेक्षागृह, अंधार, ध्वनिक्षेपकाचा कर्कश आवाज आणि दोन अंकांची लांबी यांपुढे ते रडू लागते. आई त्याला घेऊन बाहेर जाते. या रडण्याकडे व्यत्यय म्हणून पाहिले जाते. वास्तविक ती त्या प्रयोगाची पहिली आणि सर्वांत प्रामाणिक समीक्षा असते! 'मुलांनो, सांगू का रे याला?' असे विचारून सभागृहाला ओरडायला लावण्याची युक्ती सहभाग म्हणून गौरविली जाते. लहानग्याच्या बाबतीत तो गोंगाटच ठरतो.

या वयाचे मूल कथानकाच्या धाग्यापेक्षा हालचाल, लय, पुनरावृत्ती आणि वस्तूचे रूपांतर यांत रमते. ओढणीची नदी होते, टोपलीचे कासव होते, हे घडताना त्याला पाहायचे असते. इटलीतील बोलोन्या येथील 'ला बाराका' या संस्थेने शिशुवयाच्या प्रेक्षकांसाठी अनेक वर्षे सातत्याने काम केले आहे. तेथे वेळ थोडा, प्रेक्षक मोजके आणि अंतर कमी ठेवण्यावर भर असतो.

सर्कसचा विचारही याच दिशेने करता येतो. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली सुरू केलेल्या सर्कशीची परंपरा दीर्घकाळ प्राण्यांवर विसंबून राहिली. वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या खेळांना मनाई करणारी १९९८ ची अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ग्राह्य धरली. २०११ मध्ये सर्कशीत मुलांना कामास ठेवण्यासही न्यायालयाने मनाई केली. सर्कशीच्या धंद्याला यातील पहिल्या निर्णयाचा जबर फटका बसला, हे खरे. पण आता उरले ते केवळ मानवी शरीर : तोल, झेल, कोलांटी, विदूषकाची फजिती. अगदी लहान मुलासाठी एवढे पुरेसे, किंबहुना अधिक योग्य आहे. आपल्याकडील डोंबाऱ्याचा खेळ असाच हाताच्या अंतरावर होत आला. त्या खेळातील जवळीक घ्यावी. दोरीवर चढविलेले पोर मात्र घेऊ नये.

आता हा विचार शहराबाहेर नेला की त्याची खरी कसोटी लागते. पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यातील भोंगवलीच्या चार वर्षांच्या मुलाने पुण्याच्या नाट्यगृहात यावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे. प्रवासातच ते दमून जाईल आणि मजुरी बुडवून त्याला आणणार कोण? येथे ताराबाई मोडक यांचे उदाहरण मार्गदर्शक ठरते. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावे, हा विचार त्यांनी बोर्डीच्या परिसरात प्रत्यक्षात आणला. १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने तो वाढविला. 'अंगणवाडी' हा शब्दच त्या विचाराची खूण आहे. रंगभूमीला हे पाऊल अद्याप उचलावयाचे आहे. अंगणवाडीच्या खोलीत सतरंजी अंथरून पंचवीस मुलांसमोर दोन कलावंतांनी अर्धा तास केलेला प्रयोग हे पूर्ण प्रमाणाचे नाटक होय. त्याला मोठ्या नाटकाची लहान आवृत्ती समजण्याचे कारण नाही.

अर्थकारणाचा आक्षेप अपेक्षितच आहे. पंचवीस मुलांच्या तिकिटावर कलावंताचे पोट चालणार नाही. परंतु गावाकडील रंगभूमी केवळ तिकिटावर चाललेली नाही. यात्रेला गाव वर्गणी काढते, तमाशाच्या फडाला सुपारी देते आणि खेळ सर्वांना पाहायला मिळतो. त्याच वर्गणीतून एखादी सकाळ अंगणवाडीतल्या मुलांसाठी राखून ठेवणे यात्रा कमिटीला अशक्य नाही. अधिक बिकट प्रश्न कलावंताच्या तयारीचा आहे. संवादफेकीवर पोसलेल्या नटाला गप्प राहून मुलाच्या नजरेची वाट पाहणे जड जाते. नृत्यशिक्षण घेतलेला कलावंत लय सांभाळतो, पण मध्येच उठून त्याच्या पायाशी आलेल्या मुलाला कसे सामावून घ्यावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हे वय पायाभूत टप्पा मानले. त्यानंतर महाविद्यालयांतील नाट्य व नृत्य विभागांनी आपल्या अभ्यासक्रमात या प्रेक्षकासाठी एक तरी प्रात्यक्षिक ठेवावयास हवे होते, आणि ते परीक्षागृहात नव्हे, एखाद्या अंगणवाडीच्या सतरंजीवर.