वहीतल्या चुका कोण वाचतो?

डिस्लेक्सिया म्हटले की आपल्याकडे आजही ‘तारे जमीं पर’ (२००७) हा चित्रपट आठवतो. हा शब्द घरोघरी पोचवण्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. मात्र त्याने करून दिलेली ओळख मराठी वर्गात कितपत उपयोगी पडते, हे तपासायला हवे.

चित्रपटाचे बळ वह्यांच्या प्रसंगात आहे. इतर शिक्षक ईशानच्या चुका मोजतात, निकुंभ सर त्यांतले सूत्र शोधतात. प्रेक्षकांच्या मनात मात्र उलटी रोमन अक्षरेच ठसली. तशी अक्षरे लिहायला शिकणारी अनेक मुले काढतात. तेवढ्यावरून डिस्लेक्सिया ठरत नाही.

देवनागरीत अडचण निराळ्या जागी दिसते. ‘कि’मधली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना आधी. एकच ‘र’ सूर्य, चक्र, राष्ट्र आणि दुसऱ्या या शब्दांत चार रूपे घेतो. इथे अडखळणारे मूल शुद्धलेखनात ‘निष्काळजी’ ठरते. बाईंनी धडा वाचून दाखवला की तेच मूल नेमके उत्तर देते. स्वतः वाचताना मात्र जोडाक्षरापाशी थांबते किंवा अंदाजाने शब्द ठोकून देते. ऐकून कळणे आणि वाचून कळणे यांतली ही तफावत सरावानंतरही टिकली, तर ती उलट्या अक्षरांपेक्षा महत्त्वाची खूण मानावी.

दुसरा आक्षेप शेवटाबद्दल. ईशान चित्रकलेची स्पर्धा जिंकतो आणि त्याचे मोल सिद्ध होते. ज्याला चित्र काढता येत नाही, गाता येत नाही, त्या मुलाचे काय? मदतीसाठी प्रतिभेचा पुरावा का लागावा? निकुंभ सर वाळूत अक्षरे गिरवून घेतात, तोंडी परीक्षेची परवानगी मागतात. धुळाक्षरांची परंपरा असलेल्या समाजाला यात नवे काहीच वाटू नये. चित्रपटाने या कष्टांना एका गाण्यापुरती जागा दिली आणि स्पर्धेला अख्खा शेवट.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण प्रमाणपत्र हाती आल्यावर. प्रमाणपत्राची वाट तपासणीतून जाते आणि त्या तपासणीला मुलाला पाठवायचे हे बहुधा वर्गशिक्षकालाच सुचावे लागते. त्याने वही नुसती तपासून परत दिली, तर कायदा त्या मुलापर्यंत पोचतच नाही.