रुचिभेद आणि गल्लींतलें रामेन-गृह

रुचिभेदाचा प्रश्न आपल्या मासिकांतून बहुधा काव्य-नाट्याच्या अनुषंगानेंच चर्चिला जातो. वस्तुतः त्याचें मूळ पाकगृहांत आहे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत रस म्हणजे काय हें समजाविण्यासाठीं जो दृष्टांत योजिला, तो नाना व्यंजनांनीं संस्कारिलेल्या अन्नाचा व तें चवीनें खाणाऱ्या भोक्त्याचा होता. तेव्हां एका खाद्यगृहाविषयींच्या मतभेदांची चिकित्सा केली, तर त्यामुळें टीकाशास्त्राला कमीपणा आला असें वाचकांनीं मानूं नये.

टोकियो शहरांतील एखाद्या गल्लींतलें रामेन-गृह घ्या. आठ-दहा माणसें बसतील एवढी फळी, तिच्यामागें उकळतीं पातेलीं, आणि पुष्कळदां दाराशीं पैसे टाकून चिठ्ठी घेण्याचें यंत्र. एकाच दिवशीं तेथून बाहेर पडणारे दोन गृहस्थ अगदीं विरुद्ध निकाल देतात. एकाला सार खारट लागतें. दुसरा म्हणतो, इतकें भरदार सार अन्यत्र मिळणार नाहीं. एकाला शेवया कच्च्या वाटतात, तर दुसऱ्याला त्या नेमक्या उतरल्याचा आनंद होतो. एकाला लवकर उठावें लागल्याचा विषाद, तर दुसऱ्याला चटकन् वाढल्याचें कौतुक. 'व्यक्ति तितक्या प्रकृति' असें म्हणून यावर पडदा टाकणें सोपें आहे. परंतु मग टीका करण्याचें प्रयोजनच उरत नाहीं.

या मतभेदांपैकीं बरेचसे मुळीं रुचीचे नसून माहितीचे आहेत. रामेन हा एक पदार्थ नव्हे, तें एक कुल आहे. त्याचा मूळ पुरुष चिनी. योकोहामाच्या चिनी वस्तींतील आचारी आणून १९१० सालीं टोकियोच्या असाकुसा भागांत राइराइकेन नांवाचें खाद्यगृह निघालें, आणि या शेवया सामान्य जपानी माणसाच्या परिचयाच्या झाल्या. पुढें प्रांतोप्रांतीं शाखा फुटल्या. टोकियोचें जुन्या वळणाचें सार सोयाच्या रसाचें व पातळ. साप्पोरोचें मिसोचें, म्हणजे आंबविलेल्या सोयाबीनच्या लगद्याचें. तर क्यूशू बेटांतील कुरुमे व हाकाता येथें डुकराचीं हाडें तासन् तास उकळून दुधासारखें पांढरें सार काढतात. हाकातांत शेवया बारीक असतात व लवकर फुगतात. म्हणून त्या किती कडक हव्यात हें गिऱ्हाईकच सांगतो, आणि पहिल्या संपल्यावर उरलेल्या सारांत दुसऱ्या मागून घेतो. निवळ साराची संवय असलेल्या माणसानें हें सार उग्र आणि शेवया कच्च्या ठरविल्या, तर तो वाडग्यापेक्षां स्वतःविषयींच अधिक सांगत असतो. ख्यालाच्या मैफलींत बसून लावणीचा ठेका कां नाहीं, अशी तक्रार करण्यासारखेंच तें आहे. शेवयांचा पिंवळेपणा व लवचिकपणा हाहि दोष नव्हे. आपल्या पापडाला जसा पापडखार, तसेंच या पिठाला क्षाराचें पाणी लागतें.

किंमतीविषयींचा असंतोष यापेक्षां गंभीर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अन्नटंचाईंत, अमेरिकेंतून आलेल्या गव्हाच्या पिठाच्या आधारें, रस्त्यावरच्या गाड्यांवर हा पदार्थ वाढला. श्रमिकाचें पोट थोड्या पैशांत भरणें ही त्याची ख्याति. त्यामुळें एका वाडग्याला हजार येनांहून अधिक देणें गिऱ्हाइकाच्या जिवावर येतें; जपानांत याला 'हजार येनांची भिंत' असें नांवच पडलें आहे. पीठ, मांस, वीज व मजुरी महागली, पण भिंत हलेना. तेइकोकु डेटाबँक या संस्थेच्या गणनेप्रमाणें २०२४ सालीं ७२ रामेन-व्यावसायिकांचें दिवाळें निघालें. 'महाग आहे' हे दोन शब्द सहज उच्चारणाऱ्यानें त्यांचें वजन लक्षांत घ्यावें.

मात्र सर्व समजून घेतलें म्हणजे सर्व क्षम्य ठरतें, असें नाहीं. कोमट सार, एकमेकांस चिकटलेल्या शेवया, शीतपेटींतून काढून तसाच वर ठेवलेला मांसाचा काप, आज पाणचट तर उद्यां खारट अशी चव, यांना कोणत्याहि प्रांताच्या परंपरेचा आधार नाहीं. मिठाची तक्रारहि अज्ञानाची म्हणून उडवून देतां येत नाहीं. सारासकट संपविलेल्या एका वाडग्यांत पांच-सहा ग्रॅम मीठ सहज असतें. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ माणसानें साऱ्या दिवसांत पांच ग्रॅमहून कमीच मीठ खावें. तेव्हां संप्रदाय न जाणणारा नवखा जेव्हां 'खारट' म्हणतो, तेव्हां संप्रदायाला न दिसणारी गोष्ट त्याची जीभ पकडीत असते. उलट, नित्याच्या गिऱ्हाइकाला बारकावे कळतात, पण संवयीनें त्याची जीभ बोथटहि होते. दोघांच्या साक्षी एकमेकींशीं ताडून पाहाव्या लागतात.

आणखी एक अन्याय अलीकडे घडूं लागला आहे. टोकियोच्या २०१६ च्या मिशलिन मार्गदर्शिकेनें सुगामो भागांतील त्सुता या लहानशा रामेन-गृहाला तारा दिला. रामेनला हा मान तेव्हां प्रथमच मिळाला. त्या कीर्तीनें या पदार्थाकडे पाहण्याची दृष्टि उंचावली हें खरें. पण त्याच मापानें गल्लींतलें प्रत्येक दुकान मोजूं लागणें बरोबर नाहीं. तारांकित गृहानें विस्मय द्यावा; गल्लींतल्या गृहानें विश्वास द्यावा. रात्रपाळी आटोपून परतणाऱ्या माणसाला काल मिळालें तेंच, तितकेंच ऊन, आजहि मिळालें पाहिजे. ही सातत्याची कसोटी विस्मयाच्या कसोटीहून सोपी नाहीं. हाडांचें सार रोज नव्यानें लावावें लागतें, आणि हाडें रोज सारखीं येत नाहींत.

म्हणून मतें परस्परविरोधी असलीं तरी बिघडत नाहीं. तीं सकारण असावींत, एवढेंच. 'शेवया मला कडक लागल्या, मला मऊ आवडतात' असें कोणी म्हटलें, तर विरुद्ध रुचीचा वाचकहि त्यावरून आपला निर्णय करूं शकतो, आणि आचाऱ्यालाहि कांहीं शिकतां येतें. नुसतें 'टाकाऊ' म्हटल्यानें दोघांनाहि कांहीं कळत नाहीं. मात्र पहांटे उठून चूल पेटविणाऱ्याच्या फळीवरील एक जागा दुसऱ्या दिवशीं रिकामी राहते. पुस्तकाविषयीं लिहितांना आपण टीकाकाराकडून ज्या जबाबदारीची अपेक्षा करतों, तीच जेवून उठणाऱ्यानेंहि पाळावी, असें आम्हांस वाटतें.