घरमालक, मनू आणि पावती

मी समीक्षक नाही. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभा असतो आणि पाळी सुटली की कविता लिहितो. बारावीनंतर कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. जे काही वाचलं ते दरवर्षी दीक्षाभूमीच्या रस्त्यावर घेतलेल्या पुस्तकांतून. म्हणून विद्वानांनी मला सांभाळून घ्यावं असं मी म्हणणार नाही. सांभाळून घेतलेलं साहित्य आपल्याला नकोच आहे. आज मी झडती घेणार आहे ती दुसऱ्या कुणाची नाही, माझ्याच एका कवितेची. आणि त्या निमित्ताने आपल्यातल्या शंभर कवितांची.

कवितेचं नाव होतं 'घरमालका'. मानेवाड्याकडच्या एका विहारात वाचली. टाळ्या पडल्या. दोघांनी उठून मिठी मारली. मी फुगलो. बाहेर चहा घेताना नर्सिंगची एक पोरगी आली. म्हणाली, "दादा, कविता भारी आहे. पण डिपॉझिट भेटलं का?"

मी म्हणालो, नाही.

"मग?" एवढंच म्हणाली आणि गेली.

दोस्तहो, त्या 'मग'चं उत्तर शोधायला मला सहा महिने लागले. हा लेख म्हणजे ते उत्तर.

आधी हकिकत सांगतो. मानेवाडा चौकातून दक्षिणेला निघालं की बेसा. शेतं मोडून लेआउट पडले, लेआउटवर बंगले उठले आणि बंगल्यांच्या वरच्या माळ्यावर आमच्यासारखे चढले. आम्ही चौघं. मी गिरणीतला, बाकी तिघं शिकणारे. एक यवतमाळचा, फार्मसीला. एक गोंदियाचा, पॉलिटेक्निकला. एक गडचिरोलीचा, स्पर्धा परीक्षेवाला. दोन खोल्यांचा किराया सहा हजार, डिपॉझिट बारा हजार.

घरमालकाने आडनाव विचारलं. आडनावावरून नीट कळलं नाही तेव्हा गाव विचारलं. मग, "गावात कोणत्या भागात घर?" हा प्रश्न ज्याला विचारला जातो त्यालाच त्याचा अर्थ कळतो. मग म्हणाला, "आम्ही काही मानत नाही बाप्पा, पण मटण-मच्छी चालणार नाही." करारनाम्याचं काढलं तर, "कागद कायले पाहिजे? तुम्ही घरचेच पोट्टे." किराया रोखीत. पावती नाही. सबमीटरचं युनिट त्याच्या मनात येईल त्या भावाने. रात्री दहाला मोटर बंद. मी रात्रपाळीहून सकाळी आलो की टाकी कोरडी. दुसरी किल्ली त्याच्याजवळ. आम्ही कॉलेजात, कामावर, आणि हा आमच्या कुकरचं झाकण उघडून पाहतो. चौदा एप्रिलला गच्चीवर निळा झेंडा लावला. पंधराला सकाळी सांगितलं, महिन्याभरात खोली खाली करा. केली. डिपॉझिट? "रंगात गेलं."

आता माझी कविता पाहा. तिच्यात मनू आहे. पाच हजार वर्षं आहेत. सूर्य आहे, तलवार आहे, ज्वालामुखी तर तीनदा आहे. डिपॉझिट एकदाही नाही. मोटर नाही. कुकर नाही. पावती नाही. ज्या गोष्टींनी आमचं जगणं हैराण केलं त्यातली एकही गोष्ट कवितेत आली नाही, आणि ज्याला मी कधी पाहिलं नाही तो मनू मात्र पहिल्या ओळीत येऊन बसला. घरमालकाने ती कविता वाचली असती तर त्याचं काय बिघडलं असतं? तो म्हणाला असता, वा, छान लिहिता, अन् डिपॉझिट खिशात घालून झोपला असता.

मोठ्या शब्दांना टाळ्या मिळतात. टाळ्यांची पावती लागत नाही.

मग मी आपल्या थोरांकडे गेलो. खोलीवर त्यांनी कसं लिहिलं?

सगळ्यात आधी बाबासाहेब. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचं लिखाण त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते 1990 साली पुस्तिका म्हणून काढलं. त्यात बडोद्याची हकिकत आहे, 1917 ची. कोलंबियात आणि लंडनला शिकून आलेला माणूस बडोदा संस्थानात नोकरीला जातो आणि शहरात त्याला राहायला खोली नाही. पारशांच्या धर्मशाळेत जातो. रखवालदार सदरा-कस्ती तपासतो. हा पारशी नाही हे त्याला कळतं. पण जागा रिकामी आहे, चार पैसे मिळतील, म्हणून वहीत पारशी नाव टाकून ठेवून घेतो. दिवसाचा दर दीड रुपया. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहतात. आठ तासांची मुदत मिळते. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांचीही दारं उघडत नाहीत. मग बागेत बसणं आणि रात्रीची मुंबईची गाडी.

हे मी परत परत वाचलं. त्यात एक शिवी नाही. दर आहे, दिवस मोजलेले आहेत, तास मोजलेले आहेत. वहीतली खोटी नोंदसुद्धा लपवलेली नाही. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता आणि दिवाणाला घाई नव्हती, हेही आहे. रखवालदार राक्षस नाही, लोभी माणूस आहे. लाठीवाले आले तेव्हाही बाबासाहेब त्यांचे प्रश्न सांगतात, आपली गप्प बसण्याची कारणं सांगतात. वाचताना माझा जीव गुदमरला, आणि गुदमरवणारी गोष्ट कोणती? दीड रुपया. आठ तास. ज्वालामुखी नव्हे.

दुसरे बाबूराव बागूल. 'जेव्हा मी जात चोरली होती', संग्रह 1963 चा. रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात गेलेला तरुण डोक्यावर छप्पर मिळावं, चारचौघांत मान मिळावा म्हणून जात लपवतो. आपल्यातले बरेच जण या कथेचा शेवट तोंडपाठ सांगतात: मार खाऊन उठलेला तो आपल्याला खरं कुणी मारलं ते सांगतो तेव्हा मनूचं नाव येतं. बरोबर. पण मनू येतो शेवटी. त्याआधी बागूलांनी अख्खी कथा खर्च केली आहे. नोकरीचा आनंद, खोटं बोलण्याची धडधड, त्याच्यावर जीव टाकणारा तिवारी, आणि जात न लपवता, खिशात चाकू ठेवून वावरणारा काशिनाथ. एवढी किंमत मोजल्यावर मनूचं नाव घेण्याचा हक्क मिळतो. आम्ही काय केलं? बागूलांची शेवटची ओळ उचलली आणि आमची पहिली ओळ केली. कमाई त्यांची, उधळपट्टी आमची.

तिसरं 'अक्करमाशी', 1984 चं. शिकून, नोकरीला लागूनही शरणकुमार लिंबाळे नोकरीच्या गावी घर शोधतात तेव्हा जात त्यांच्या आधी दारात जाऊन उभी राहते. पगार आला म्हणजे खोली आली असं होत नाही, हे त्यांनी घरगुती तपशिलात सांगितलं.

विहिरीवर, वेशीवर, महारवाड्यावर आपल्याकडे जितकं लिहिलं गेलं तितकं किरायाच्या खोलीवर नाही. आणि आज आपली अर्धी पोरं गावात नाहीत, शहरात कुणाच्या तरी वरच्या माळ्यावर आहेत.

खोली ही बारकी गोष्ट समजू नका. आपलं लिखाण खोलीत जन्मलं. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या राज्यात अस्पृश्य पोरांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं 1908 साली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 च्या जानेवारीत सोलापुरात वसतिगृह काढलं. भाषणाआधी छप्पर, असा तो हिशेब. 1972 साली पँथर उठली, तिच्या गोष्टीतून वडाळ्याचं सिद्धार्थ विहार वसतिगृह काढता येत नाही. जागा होती म्हणून पोरं रात्रभर भांडू शकली, वाचू शकली, लिहू शकली. आणि उलट पाहा. हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याच्या चार साथीदारांना वसतिगृहातून बाहेर काढलं, ते उघड्यावर तंबू टाकून राहिले, आणि 17 जानेवारी 2016 ला रोहित गेला. पोराची खोली काढून घेणं म्हणजे काय, हे यापुढे कुणी आपल्याला विचारू नये.

ज्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्याच्यासाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. ती निघाली तेव्हा नागपूरसारख्या शहरात राहण्याचे म्हणून वर्षाला 20,000 ठरले. महिन्याला सोळाशे सहासष्ट. त्यात बेशात खोलीचा हिस्सा कसाबसा बसतो, डिपॉझिट बसत नाही. आणि हा पैसा महिन्याच्या महिन्याला हातात येत नाही. घरमालकाची तारीख मात्र दर महिन्याला येते. आमचा गोंदियाचा पोट्टा या दोन तारखांच्या मधे सापडला. परत गावी गेला. पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. माझ्या कवितेत तो कुठे आहे? नाही.

आता खरी अडचण सांगतो. हे छापू नको असं दोन मित्रांनी मला सांगितलं, म्हणून आधी हेच लिहितो.

दुसरी खोली बेशातच भेटली. घरमालक आपला माणूस. बैठकीत बुद्ध, बाबासाहेब. दारातच म्हणाला, "जयभीम पोट्टेहो, आपलंच घर समजा." आम्हाला रडू यायचं बाकी. आडनाव विचारलं नाही, कुकर उघडला नाही. पण करारनामा? "आपल्या आपल्यात कागद?" पावती? नाही. आणि यवतमाळच्या पोट्ट्याचा किराया एक महिना थकला तेव्हा याने त्याची पेटी खाली नेऊन ठेवली. पेटीत दहावी-बारावीच्या मार्कशीट, जातीचा दाखला. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ आलेली. मी हातपाय जोडून, पगारातून उचल घेऊन पेटी सोडवली.

आता माझी 'घरमालका' कविता या माणसासमोर वाचून दाखवा. तो सगळ्यात आधी टाळी वाजवेल! मनूला शिव्या त्यालाही द्यायच्याच आहेत. माझी कविता त्याच्या अंगाला चाटून जात नाही. कारण मी घरमालकाला फक्त जात समजलो, मालकी समजलोच नाही. पहिल्या दारात जात होती आणि तिच्या आड मालकी होती. दुसऱ्या दारात जात गेली, मालकी उघडी पडली. 1938 साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आम्ही पहिला पाठ केला, दुसरा ऑप्शनला टाकला.

कुणी म्हणेल, आपल्या माणसाची चव्हाट्यावर निंदा कशाला? मी म्हणतो, दोघांना एका मापाने मोजू नका. पहिल्याने आम्हाला माणूस मानलं नाही, हा गुन्हा वेगळा आणि जुना. पण पेटी अडवली ती अडवलीच. ती ज्या कवितेत लिहिता येत नाही ती कविता विद्रोही नाही, सोयीची आहे.

सदाशिवपेठी टीकाकार वर्षानुवर्षं म्हणत आले, दलित साहित्य म्हणजे तक्रार. आम्ही चिडून सांगतो, तक्रार नाही, विद्रोह आहे. मी आता म्हणतो, तक्रार असेल तर असू द्या! तुम्ही कधी तक्रार लिहून पाहिली का? कोण, कुठे, कोणत्या तारखेला, किती रुपये, समोर कोण होतं. एकही विशेषण चालत नाही. कवितेपेक्षा अवघड काम आहे.

आम्ही ते केलं. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे, त्याचं कलम 55 चौघांनी मिळून वाचलं. करार लेखी करणं आणि नोंदवणं ही जबाबदारी घरमालकाची. केला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "कागद कायले पाहिजे" म्हणणारा माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होता आणि आम्ही त्याला ज्वालामुखी दाखवत बसलो होतो. गडचिरोलीवाल्याने आपला डिपॉझिटचा हिस्सा फोनवरून पाठवला होता, तीन हजार, तारखेसह. ती एक नोंद आमची सगळी दौलत. पत्र लिहिलं. सहा वेळा खोडलं. मनू एकदा आलाच होता, काढला. गोंदियाच्या पोट्ट्याची सही गावाहून मागवली. स्पीड पोस्टाने पहिल्या घरमालकाला पाठवलं.

बारा हजारांतले सात हजार परत आले. पाच 'रंगात' गेले ते गेले. फार मोठा विजय नाही. पण सात हजार देताना त्याने आमच्या कागदावर सही केली. ज्या माणसाने अकरा महिन्यांत एक चिठ्ठी दिली नाही त्याची सही.

म्हणजे कविता सोडा आणि अर्ज लिहा, असं माझं म्हणणं आहे का? नाही. अर्जाने पैसे येतात. "गावात कोणत्या भागात घर?" हे ऐकल्यावर छातीत जे होतं त्याचा अर्ज करता येत नाही. संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकान, हॉटेल, विहीर, रस्ता यांची नावं आहेत. किरायाच्या खोलीचं नाव नाही. जिथे कायद्याचं बोट पोचत नाही तिथे कवितेनेच पोचायला पाहिजे. पण पोचायचं तर त्या जिन्याने चढून पोचा. आभाळातून उडी मारू नका.

माझी कविता मी फाडली नाही. नव्याने लिहितो आहे. ज्वालामुखी तिन्ही गेले. कुकर आला, कोरडी टाकी आली, पेटी आली. मनू अजून आलेला नाही. शेवटी येईल, त्याची कमाई झाली तर.

तुमच्या कविता पाठवा. नर्सिंगवाली ती पोरगी जर कुठे हे वाचत असेल तर तिला हिशेब देतो: सात हजार भेटले, बहिणी. पाच बाकी आहेत.

जयभीम.