‘श्यामची आई’ : उपदेश कोणाचा, शिकवण कोणाची ?

मराठी मध्यमवर्गाच्या घरांत जीं थोडीं पुस्तकें न वाचतांही पूज्य मानलीं जातात, त्यांत साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ ची गणना करावी लागेल. १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत लिहिलेलें व १९३५ सालीं प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक मुंजीला, वाढदिवसाला, परीक्षेंतल्या यशाबद्दल अद्यापि मुलांच्या हातीं ठेविलें जातें. देणाऱ्याचा हेतु उघड असतो. मुलानें तें वाचावें, डोळे पुसावे आणि उद्यांपासून शहाण्यासारखें वागावें. पुस्तक दिलें म्हणजे संस्कारांचें काम परस्पर उरकलें, असा एक गोड समज त्या भेटीमागें लपलेला असतो. या समजाला पुस्तकांत कितपत आधार आहे, तें पाहण्याचा येथें विचार आहे. माझ्या मतें आधार जवळजवळ नाहीं. आणि लहान मुलांच्या घरगुती शिक्षणाविषयीं या पुस्तकांत जें खरोखर मोलाचें आहे, तें मुलांनीं वाचण्यापेक्षां त्यांच्या आईबापांनीं वाचावें अशा जातीचें आहे.

प्रथम रचना लक्षांत घ्यावी. प्रौढ झालेला श्याम आश्रमांतील सोबत्यांना बेचाळीस रात्रींत आपल्या आईच्या आठवणी सांगतो. त्यामुळें वाचकासमोर एकाच वेळीं दोन माणसें बोलत असतात. एक, कोंकणांतल्या त्या ओढगस्तीच्या घरांतील आई. आणि दुसरा, तिची आठवण काढतांना सद्गदित होणारा, देश, धर्म, त्याग यांवर विस्तारानें बोलणारा श्याम. हें पुस्तक रडकें आहे, उपदेशानें भरलेलें आहे, असा आक्षेप पुष्कळदां घेतला जातो व तो अगदींच खोटा आहे असें कोणी म्हणूं नये. परंतु या दोघांचे शब्द निरनिराळे काढून वाचले तर एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते. लांबलचक विवेचन बहुतेक ठिकाणीं श्यामचें आहे. आईच्या वांट्यास आलेलीं वाक्यें त्या मानानें थोडीं असून तीं कोणत्या तरी कामाला, त्या क्षणीं चाललेल्या कृतीला, चिकटलेलीं आहेत. उपदेश मुलानें पुढें केला. आईनें त्या वेळीं मुख्यतः काम केलें होतें.

पायांचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. खेळून आलेल्या श्यामला आई न्हाऊं घालते. ओल्या पायांना माती लागेल म्हणून तो धोंडीवरून खालीं उतरेना. आई आपल्या लुगड्याचा पदर त्या दगडावर पसरते, मुलगा त्यावर पाय टिपतो आणि उडी मारून घरांत जातो. मग देवापुढें ती त्याला सांगते कीं पायांना घाण लागूं नये म्हणून जपतोस, तसा मनालाही जप. शाळेंत या प्रसंगाचें तात्पर्य विचारलें कीं मुलें हा शेवटचा भाग घडाघडा म्हणतात. पहिल्या भागाकडे ना शिक्षकांचें लक्ष, ना पालकांचें. आतां त्या पहिल्या भागांत काय काय आहे पाहा. खेळानंतर आंघोळ, आंघोळीनंतर देवघर, हा क्रम ठरलेला आहे. रोज नव्यानें वाद घालावा लागत नाहीं. आंघोळ घालणारें माणूस घाईंत नाहीं. मुलाचा हट्ट वेडगळ असला तरी त्यांत स्वच्छतेची एक जाणीव जागी झाली आहे, हें आईनें ओळखलें, आणि त्या जाणिवेचा मान राखण्यासाठीं स्वतःचा पदर ओला केला. एवढें सगळें झाल्यावर तिनें एक वाक्य उच्चारलें. तें वाक्य मुलाच्या मनांत आयुष्यभर राहिलें याचें कारण त्याच्याखालीं ओला पदर होता. आपण आपल्या मुलांना तेंच वाक्य, किंवा त्याहूनही चांगलें, दिवसांतून दहा वेळां ऐकवितों आणि तें कां लागत नाहीं म्हणून नवल करितों !

‘पत्रावळ’ ही रात्र याच दृष्टीनें वाचावी. घरांतल्या मुलाला पत्रावळ लावतां येत नाहीं, ही त्या घरांत लाजेची गोष्ट समजली जाते; आणि श्याम ती घरांतच, घरच्या माणसांच्या हातांकडे पाहून शिकतो. पान कसें धरावें, चोय कोठें टोचावी, किती जोर लावावा, यांत बोटांचें केवढें शिक्षण आहे ! रोम शहरांतील गरीब वस्तींत १९०७ सालीं मारिया माँटेसोरी यांनीं जें बालगृह उघडलें, त्यांत मुलांना पाणी ओतणें, धूळ झाडणें, गुंड्या लावणें अशीं कामें पद्धतशीर दिलीं गेलीं, आणि त्यांतून लहान मुलांच्या शिक्षणाचें एक शास्त्र उभें राहिलें. पालगडच्या त्या बाईला या शास्त्राची वार्ताही नसावी. तरी मुलाच्या हातांना खरें, घराच्या उपयोगाचें काम द्यावें, एवढें तिला पक्कें ठाऊक होतें. हल्लीं आपण मुलांना खेळण्यांतलीं भांडीं विकत आणून देतों व खऱ्या भांड्यांना हात लावला तर ओरडतों. शेंगा सोलणें, चपातीचा उंडा करणें, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालणें यांत पत्रावळीइतकेंच शिक्षण भरलेलें आहे. मात्र तें देण्यास आपल्यापाशीं दुप्पट वेळ व चौपट सोशिकपणा असावा लागतो.

‘अळणी भाजी’ ही रात्र मला साऱ्या पुस्तकांत सरस वाटते, कारण तींत कोणी कोणाला शिकवीत नाहीं. आई भाजींत मीठ घालावयास विसरते. वडील एक अक्षर न बोलतां जेवून उठतात. आई जेवावयास बसते तेव्हां तिला कळतें. ज्या बाईनें चुलीपुढें राबून रांधलें तिच्या मनाला लागूं नये, हा त्या मौनाचा अर्थ. मूल चव शिकतें तें मोठ्यांच्या तोंडाकडे पाहून. ताटावर बसून नाक मुरडणाऱ्या बापाच्या मुलानें सर्व भाज्या खाव्या, ही अपेक्षा व्यर्थ आहे. आणि हातांत फोन देऊन, मुलाचें लक्ष चुकवून घांस कोंबण्याची जी रीत आतां घरोघर पडली आहे, तींत तर जेवण ही पाहण्याची, बोलण्याची, चार माणसांत बसण्याची गोष्टच राहिली नाहीं.

येथवर मीं स्तुति केली. परंतु पोहण्याच्या प्रसंगापाशीं थांबणें भाग आहे. पाण्याला भिऊन श्याम घरांत लपतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर पाठविते. तो पोहावयास शिकतो, व मग आई त्याला जवळ घेऊन समजाविते. मुलगा भित्रा राहूं नये ही तिची तळमळ खरी आहे आणि प्रसंग रंगला आहे, यांत शंका नाहीं. म्हणूनच तो अधिक फसवा. मुलगा शिकला तो माराच्या जोरावर, असें वाचकाच्या मनांत ठसतें. पण विहिरींत त्याला जाणत्या पोहणारांचा आधार होता, हें त्याच कथेंत आहे. भीति गेली ती त्या हातांनीं. ज्या दशकांत हें पुस्तक निघालें, त्याच दशकांत ताराबाई मोडक ‘शिक्षणपत्रिके’ तून मराठी पालकांना मारही नको व लालूचही नको, असें परोपरीनें सांगत होत्या. भावनगरास १९२० सालीं बालमंदिर काढणाऱ्या गिजुभाई बधेकांच्या सहवासांत त्यांचा हा विचार पक्का झाला होता. पुढें १९४५ सालीं त्या बोर्डीला गेल्या, १९५७ सालीं कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आणि अनुताई वाघांच्या साथीनें, शाळेंत न येणाऱ्या आदिवासी मुलांच्या अंगणांतच त्यांनीं शाळा नेली. साने गुरुजींचें पुस्तक घरोघर पोहोंचलें, ताराबाईंचें लेखन मात्र अध्यापन विद्यालयांच्या कपाटांत राहिलें. मराठी घरांचें यांत नुकसान झालें असें मी समजतों. आईच्या प्रेमाच्या नांवाखालीं मारास जी प्रतिष्ठा मिळाली, तिला उतारा त्या दुसऱ्या लेखनांत होता.

गंमत अशी कीं तो उतारा खुद्द ‘श्यामची आई’ तही एके ठिकाणीं सांपडतो. मुलें चढाओढीनें झाडावरच्या कळ्याच तोडून आणतात, तेव्हां आई म्हणते कीं त्यांना झाडावर फुलूं द्यावें. ही ‘मुकीं फुलें’ ज्यांनीं वाचून डोळे पुसले, तेच पालक तीन वर्षांच्या मुलाच्या हातीं पेन्सिल देऊन दोन रेघांत अक्षर बसत नाहीं म्हणून हवालदील होतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें ३ ते ८ वर्षें हा पायाचा काल मानून खेळ व कृति यांवर भर दिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं जें मार्गदर्शन केलें, त्यांत ३ ते ४ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठीं निदान ३ तास हालचाल आणि १० ते १३ तास झोप हवी, पडद्यापुढें बसणें १ तासाहून अधिक नको, असें म्हटलें आहे. या आंकड्यांत श्यामच्या आईला नवीन वाटेल असें फारसें कांहीं नाहीं. दिवसभर उनाडलेलें मूल दिवेलागणीला न्हाऊन, जेवून झोपतें, हा तिच्या घरचा नेहमींचा व्यवहार होता.

१९५३ च्या आचार्य अत्र्यांच्या चित्रपटानें या आईची अश्रुपूर्ण मूर्ति महाराष्ट्राच्या मनांत कायम केली. चित्रपट उत्तम होता व त्यास राष्ट्रपतींचें सुवर्णपदकही लाभलें. परंतु तेव्हांपासून या कथेकडे केवळ आईच्या थोरवीची कथा म्हणून पाहण्याची संवय जडली, आणि मुलांना वळण लावणें हें एकट्या आईचें काम, हा जुना ग्रह अधिक घट्ट झाला. पुस्तकाचें नांवही त्याला साहाय्यभूत झालें. दोघेंही नोकरी करितात अशा घरांत हा ग्रह निव्वळ अन्याय आहे.

पुस्तकाचा शेवट या दृष्टीनें पुन्हा वाचावा. कर्ज वाढत जातें, घरावर संकट येतें आणि आई तापानें खंगत जाते. साऱ्या घराच्या अंगावरची माती जिनें धुतली, तिच्या प्रकृतीची चिंता तिनें अंथरूण धरीपर्यंत कोणी केलेली दिसत नाहीं. आणि शुश्रूषेचा मुख्य भार पडतो तो धांवून आलेल्या सखूमावशीवर, म्हणजे पुन्हा एका बाईवरच. श्याम पोहोंचतो तेव्हां सर्व आटोपलेलें असतें. गुरुजींनीं हीं प्रकरणें फार करुण लिहिलीं आहेत. परंतु हें मरण त्यांनीं दैव व दारिद्र्य यांच्या माथीं मारलें. घरांतील कामाच्या वांटणीचा त्यांत कांहीं वांटा होता काय, हा प्रश्न बेचाळीस रात्रींत एकदांही विचारला जात नाहीं.