हिशेबाची भाषा, उपरोधाची धार

जोनाथन स्विफ्टच्या ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ची (१७२९) चर्चा बहुधा त्यातल्या भयंकर सूचनेपाशीच थांबते: आयर्लंडमधील गरिबांची वर्षाची मुले श्रीमंतांच्या ताटात वाढावीत. मला त्याहून भयंकर वाटतो तो हिशेब. दरसाल जन्मणारी गरीब मुले १,२०,०००. पैकी २०,००० पैदाशीसाठी राखायची, उरलेली विकायची. संगोपनाचा खर्च दोन शिलिंग, किंमत दहा. निवेदक क्रूर वाटत नाही, लोकहितदक्ष सज्जन वाटतो. माणसांना आकड्यांत मोजणाऱ्या तत्कालीन अर्थचिंतकांचीच भाषा तो बोलतो.

खरी किल्ली मात्र शेवटाकडे आहे. परदेशी राहून आयर्लंडचा खंड खाणाऱ्यांवर कर, देशी मालाचाच वापर, असले उपाय कुणी सांगूच नयेत, असे निवेदक बजावतो. देशी मालाचा आग्रह तर खुद्द स्विफ्टचाच! १७२० मध्ये त्याने तो सरळ शब्दांत मांडला, तेव्हा मुद्रकावर खटला भरला गेला.

म्हणून हा उपरोध मला शैलीचा विलास वाटत नाही. सरळ बोलणे वाया गेलेल्या माणसाचा तो उद्वेग आहे. वाचक हादरतो सूचनेपाशी. शरमायला हवे ते धुडकावलेल्या उपायांपाशी.