जुनं काढून टाकायचं राहिलं: अ-ची बाराखडी आणि रिफॅक्टरिंग

गेल्या वेळी आपण चाचण्या कशा लिहायच्या यावर बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की कोड चालतोय, चाचण्याही आहेत, पण फाइल उघडली की जीव घाबरतो, त्याचं काय करायचं? तर आज रिफॅक्टरिंग. पण सुरुवात आम्ही संगणकापासून करणार नाही. रत्नागिरीत उभे आहोत, तर रत्नागिरीतलंच एक जुनं उदाहरण घेऊ. आमच्या मते ते या विषयाचं मराठीतलं सगळ्यात मोठं उदाहरण आहे, आणि त्यात जे चुकलं तेच आपण रोज चुकतो.

आधी व्याख्या, थोडक्यात. विल्यम ओपडाइक यांनी १९९२ साली इलिनॉय विद्यापीठात या विषयावर प्रबंध लिहिला, आणि मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकाने तो शब्द सगळीकडे नेला. कोडची आतली रचना बदलायची, बाहेरून दिसणारं वागणं बदलायचं नाही. एवढंच. घराची वायरिंग नवी केली, पण बटण दाबल्यावर तोच दिवा लागला पाहिजे. बाकी सगळं तंत्र आहे.

आता उदाहरण. १९२४ ते १९३७ या काळात वि. दा. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांच्या भाषाशुद्धीबद्दल सगळ्यांना माहीत असतं, कारण ते शब्द आपण अजून वापरतो. लिपिशुद्धीबद्दल कमी बोललं जातं. त्या राजकारणावर आज आम्ही बोलणार नाही, फक्त एक रचना म्हणून तिच्याकडे बघू.

देवनागरीत 'अ' सोडला तर प्रत्येक स्वर दोनदा लिहिलेला आहे. एकदा स्वतंत्र अक्षर म्हणून आणि एकदा व्यंजनाला लागणारं चिन्ह म्हणून. 'इ' आणि वेलांटी. 'उ' आणि उकार. 'ए' आणि मात्रा. एकच गोष्ट, दोन आकृत्या. सावरकरांचं म्हणणं असं की 'क'ची बाराखडी होते तशी 'अ'चीही करा. म्हणजे अ, आ, अि, अी, अु, अू, अे, अै, ओ, औ. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही सहा अक्षरं गळाली. मुलाला कमी शिकावं लागेल, छापखान्यात खिळे कमी लागतील, टंकलेखन यंत्रावर कळा कमी लागतील.

प्रोग्रामरच्या नजरेने बघा, ही नजर किती तयार आहे! कारण अर्धं काम लिपीनं स्वतःच केलेलं होतं. 'आ', 'ओ', 'औ' हे आधीपासून 'अ'वरच चिन्ह लावून होतात. ज्या ठिकाणी एक नियम निम्म्या जागी पाळलाय आणि निम्म्या जागी नाही, तिथे हात घालायला हरकत नाही असं आम्हीही शिकवतो. गुजरातीत तर 'ए' आणि 'ऐ' सुद्धा 'अ'वरच मात्रा देऊन लिहितात, आणि कुणाचं काही अडलेलं नाही. गुरुमुखीत तीन आधार-अक्षरांवर सगळे स्वर बसवलेत. म्हणजे कल्पना हवेतली नव्हती.

आणि वाचणाऱ्याचं काही बिघडलं का? 'अितिहास' आयुष्यात पहिल्यांदा बघणारा माणूस क्षणभर थबकतो आणि वाचतो. वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणजे पहिली चाचणी पास. किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या 'किर्लोस्कर' मासिकाने ही पद्धत उचलली आणि बरीच वर्षं चालवली. गंमत म्हणजे तिकडे वर्ध्याला, काका कालेलकर आणि राष्ट्रभाषा प्रचार समितीची मंडळीही 'अि', 'अु' छापत होती. सावरकर आणि गांधीवादी ज्या थोड्या गोष्टींवर एकमत झाले, त्यातली ही एक!

मग आज आपण 'इ' का लिहितो?

नेहमीचं उत्तर असतं की लोक बदलाला घाबरतात. आम्हाला ते पटत नाही. तसं म्हणणं म्हणजे 'युजरच मूर्ख आहे' असं म्हणण्यासारखं आहे. आमची टीका वेगळी आहे, आणि ती दोन ठिकाणी आहे.

पहिली अशी की जे डोळ्यात भरलं ते काढलं, जे महाग होतं ते तसंच राहिलं. देवनागरीच्या जुळाऱ्याकडे खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी असत, आणि त्यांत खरी गर्दी जोडाक्षरांची आणि मात्रा-रफार लागलेल्या अक्षरांची. त्यात सहा स्वर गेले तर किती फरक पडणार? सावरकरांच्या सूचना जोडाक्षरांबद्दलही होत्या, पण लोकांच्या हाती लागली ती ही बाराखडी, कारण ती सोपी होती आणि चटकन दिसायची. आपणही हेच करतो. शुक्रवारी दुपारी कोड 'साफ' करायला बसलं की नावं बदलतो, ओळी नीट लावतो. ज्या आठशे ओळींच्या फंक्शनमुळे दर महिन्याला रात्र जागवावी लागते, त्याला हात लावत नाही.

दुसरी टीका जास्त महत्त्वाची. या सुधारणेत नवीन आलं, पण जुनं गेलं नाही. शाळेचं पुस्तक 'इ'च छापत राहिलं. शब्दकोश, सातबारा, पोथी, दुकानाची पाटी, सगळीकडे 'इ'. त्यामुळे 'किर्लोस्कर' वाचणाऱ्या घरातल्या मुलाला सहा अक्षरं कमी नाही शिकावी लागली, तर सहा जास्त शिकावी लागली. आधी एका स्वराच्या दोन आकृत्या होत्या, आता तीन झाल्या. पुनरावृत्ती कमी करायला निघालेल्या सुधारणेनं पुनरावृत्ती वाढवली.

यात सुधारणेची कल्पना चुकीची होती असं आम्ही म्हणत नाही. असा बदल तीन पायऱ्यांत होतो. नवीन रस्ता जुन्याच्या शेजारी बांधा, मग वाहतूक हळूहळू नव्यावर न्या, आणि मग जुना उखडा. फायदा सगळा तिसऱ्या पायरीत आहे. पहिल्या दोन पायऱ्यांत नुसता खर्च. आणि तिसरी पायरी ज्यांच्या हातात नाही त्यांनी पहिली टाकताना दहा वेळा विचार करावा. एका मासिकाच्या हातात मराठी शाळा नव्हत्या. तुमच्या हातात तुमच्या टीमचा कोड असेल, पण तुमची लायब्ररी वापरणारी दुसरी दहा ऑफिसं तुमच्या हातात नाहीत.

पुढे तर प्रश्नाचं कारणच गेलं. खिळे गेले. संगणकावर 'क्ष्म्य' आणि 'इ' यांत जुळाऱ्याच्या श्रमाचा फरक राहिला नाही. अक्षरं कशी जोडायची हा सगळा गुंता फॉन्टमध्ये आणि मजकूर मांडणाऱ्या इंजिनात, म्हणजे हार्फबझसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, गेला. गुंता संपला नाही, मंडळी. तो एका जागी गेला, आणि बाकीच्या सगळ्यांच्या डोक्यावरून उतरला. चांगलं रिफॅक्टरिंग बहुतेक वेळा एवढंच करतं.

आता आमची गोष्ट. ती फारशी अभिमानाची नाही.

कोकणातल्या एका जुन्या वाचनालयाच्या पुस्तकांची आणि मासिकांची यादी आम्ही तिघांनी मिळून संगणकावर आणली. नाव घेत नाही, कारण चुका सगळ्या आमच्या. त्या यादीत 'अितिहास' छापलेली पुस्तकं होतीच. वाचक शोधणार 'इतिहास'. युनिकोडच्या दृष्टीने या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. युनिकोडने १९९१ पासून स्वतंत्र स्वरांना वेगळे आणि चिन्हांना वेगळे क्रमांक दिलेत. इतकंच काय, 'अ'ला काना जोडून केलेला 'आ' आणि थेट 'आ' हे दिसायला एक असले तरी यंत्राला वेगळे. काही यंत्रणा तिथे टिंबांचं वर्तुळ काढून तुम्हाला चूक दाखवतात, काही गप्प बसतात. 'ॲप' आणि 'अॅप' याचंही तेच. शिवाय क्रमांकाप्रमाणे क्रम लावला की 'अितिहास' येतो 'अहंकार'च्या मागे आणि 'आई'च्या पुढे, आणि 'इतिहास' जातो 'आई'च्या मागे.

तेव्हा आम्ही रूपांतर लिहिलं. अ आणि वेलांटी दिसली की 'इ' करा, वगैरे. अशा अकरा जोड्या झाल्या. आणि हे आम्ही तीन ठिकाणी लिहिलं. नोंदी आत घेताना एकाने, शोधताना दुसऱ्याने, यादी छापताना तिसऱ्याने. तिघंही घाईत, तिघंही कॉपी-पेस्ट. मग एकाने 'ऑ'ची चूक दुरुस्त केली, दोन ठिकाणी ती राहिली. हे तुमच्याकडेही घडलेलं आहे, चेहरे सांगतायत.

मग आम्ही बसलो रिफॅक्टरिंगला. अगदी पुस्तकात आहे तसं. अकरा 'जर-तर' काढून एक तक्ता केला. टॉमस मॅककेब यांनी १९७६ साली कोडच्या गुंत्याचं एक माप दिलं, ढोबळपणे सांगायचं तर निर्णयाच्या जागा मोजा आणि त्यात एक मिळवा. त्या मापाने आमचं फंक्शन तेरावरून तीनवर आलं. तीन फंक्शनांचं एक केलं. तिघांतलं कुठलं ठेवायचं? सगळ्यात 'स्वच्छ' दिसणारं, म्हणजे नोंदी आत घेणारं. ते अदृश्य चिन्हंही काढून टाकायचं, उगाच कचरा नको म्हणून. चाचण्या हिरव्या. आम्ही चहा प्यायलो.

चार दिवसांनी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "अहो, आपल्याकडे 'वाऱ्यावरची वरात' नाही असं दाखवतोय तुमचा संगणक. माझ्यासमोर दोन प्रती आहेत."

झालं काय होतं? मराठीत 'र' पुढच्या अक्षराला दोन तऱ्हांनी जोडतो. 'दर्या'मधला रफार आणि 'दऱ्या'मधला तो आडवा, पापणीसारखा र. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचं सांगायचं. आपल्या रत्नागिरीत दर्याही आहे आणि दऱ्याही आहेत, त्या एक केल्या तर बुडू! हा आडवा र टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. एक, नुक्ता असलेला 'ऱ' घेऊन. दुसरी जुनी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडणारं चिन्ह, झिरो विड्थ जॉइनर. जुन्या नोंदी दुसऱ्या पद्धतीच्या होत्या. आमच्या स्वच्छता मोहिमेनं ते चिन्ह कचरा म्हणून काढलं, आणि साठवलेली वरात झाली 'वार्यावरची'. वाचकाने टाइप केलं पहिल्या पद्धतीनं. जुळणार कसं?

इथे आम्हाला आमच्या व्यवसायातल्या एका सवयीवर बोलायचं आहे. आपण पुनरावृत्ती डोळ्यांनी ओळखतो. दोन तुकडे सारखे दिसले की एक करा. पण 'अि' आणि 'इ' दिसायला वेगळे असून एकच होते, आणि दोन 'र' यंत्राच्या आकड्यांत जवळजवळ सारखे असून अर्थाने वेगळे होते. दिसण्यावरून काहीच कळत नाही. विचारायचं हे की यातलं एक बदललं तर दुसरं बदलावंच लागेल का? हो असेल तर ती पुनरावृत्ती. नसेल तर तो योगायोग, आणि योगायोगाला एकत्र बांधलं की पुढच्या माणसाला ते सोडवताना घाम फुटतो. सँडी मेट्झ २०१४ पासून सांगतायत की चुकीच्या एकत्रीकरणापेक्षा पुनरावृत्ती स्वस्त पडते. आम्ही ते वाचलेलं होतं, बरं का. वाचलेलं असणं आणि चहा पिताना आठवणं वेगळं.

आणि चाचण्या हिरव्या का होत्या? कारण आमच्या चाचणीतल्या शब्दांत एकही आडवा र नव्हता. 'बाहेरचं वागणं बदललं नाही' असं आम्ही म्हणत होतो, पण बाहेर कोण उभं आहे हे विचारलंच नव्हतं. जुळाऱ्याच्या सोयीसाठी लिपी बदलताना वाचकाचा शब्दकोश राहून जातो, त्यातलाच हा प्रकार.

चूक दुरुस्त करणं सोपं होतं. आधी जुन्या पद्धतीचा र नव्या पद्धतीत आणायचा, मग बाकी अदृश्य चिन्हं काढायची. दोन ओळी. पण तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि तिच्यावर दोन ओळींचा उपाय नव्हता. नोंदी आत घेतानाच आम्ही रूपांतर करत होतो, त्यामुळे मूळ शीर्षक कुठेच शिल्लक नव्हतं. आडवा र कुठे होता हे यंत्राला आता सांगता येत नव्हतं. कुठलं पुस्तक 'अितिहास' म्हणून छापलं गेलं होतं हेही पुसलं गेलं होतं, आणि त्या काळातल्या छपाईचा अभ्यास करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. कोड मागे नेता येतो, त्याची आधीची प्रत असते. त्या नोंदींची नव्हती. शेवटी बाईंनी आणि आम्ही कार्डं काढून शीर्षकं पुन्हा ताडून पाहिली.

आता मूळ शीर्षक जसंच्या तसं ठेवतो आणि शोधासाठी बदललेली प्रत शेजारी ठेवतो. म्हणजे एक शीर्षक दोनदा साठवलेलं आहे. कुणी नवीन मुलगा आला की पहिल्याच आठवड्यात विचारतो, "दादा, हे डुप्लिकेट आहे, काढू का?" आम्ही त्याला कार्डांचा खण उघडून दाखवतो. छपाईचं तिसरं रूपांतर मात्र आम्ही काढून टाकलं. यादीत आता पुस्तकावर आहे तेच छापलं जातं, 'अितिहास' असेल तर 'अितिहास'.